बाळासाठी हातशिलाईची गोधडी: पातळ, सुती, जुन्या कापडाची

सुईदोरा

बाळंतविड्यातली झबली, टोपडी, लंगोट, कुंची हे सगळं विकत मिळतं आणि चांगलं मिळतं. गोधडी मात्र घरी शिवलेलीच असावी असं मला मनापासून वाटतं. बाजारातली बरीच बेबी ब्लँकेटं हाताला मऊ लागतात, पण लेबल वाचलं तर पॉलिएस्टर निघतं. ते घाम टिपत नाही, आणि आपल्या हवेत तान्ह्या बाळाला त्यात उकडतं.

घरी शिवणाऱ्यांचीही एक सवय मला खटकते. ‘बाळाला ऊब हवी’ म्हणत थरावर थर चढवतात, मध्ये जुनी चादर घालतात, कोणी कापूसही भरतं. गोधडी भरगच्च दिसते, पण बाळाभोवती वळत नाही, मांडीवर ताठ राहते आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही. दिवसातून दोन-तीनदा ओली होणारी वस्तू दोरीवर टाकल्यावर एका दुपारीत वाळली पाहिजे. म्हणून माझं ठाम मत: बाळाची गोधडी चार पदरी, फार तर पाच. त्याहून जाड नको.

कापड नेसून नेसून मऊ झालेल्या सुती साडीचं घ्यावं. नव्या कापडात खळ असते, धाग्यात ताठरपणा असतो. जुन्या साडीतून तो निघून गेलेला असतो, कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंगही जायचा तेवढा गेलेला असतो. साडेपाच मीटरच्या साडीची लांबी साधारण २१६ इंच. पदर काढून टाकला की ३६ इंचांचे पाच तुकडे आरामात निघतात. चार गोधडीला, एक दुपट्याला. पन्हा ४४-४५ इंच असतो, पण दोन्ही काठ कापायचे. जरीचा काठ बाळाच्या गालाला बोचतो आणि साधा काठसुद्धा अंगच्या कापडापेक्षा घट्ट विणीचा असतो, धुतल्यावर वेगळा ओढला जातो. नऊवारी हाती लागली तर फारच छान, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, दोन गोधड्या होतात.

कापण्याआधी साडी खिडकीच्या उजेडासमोर धरून पूर्ण लांबी पाहून घ्या. जिथून उजेड जास्त येतो तिथे कापड विरलेलं आहे. निऱ्यांचा खालचा भाग आणि बसायचा भाग बहुधा असा असतो. थोडे विरलेले तुकडे मधल्या दोन थरांत घाला, धडके तुकडे वर-खाली. पार जाळी झालेलं कापड मात्र आतही नको, दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातच त्याचा चोथा होतो.

जुनं कापड हाताने फाडू नका, भलतीकडेच फाटत जातं. आडवा एक धागा ओढून काढा, त्याची पांढरी रेघ उमटते, त्या रेघेवर कात्री चालवा. सगळे थर ठेवताना उभा धागा उभ्यावर, आडवा आडव्यावर येऊ द्या.

मग फरशी पुसून कोरडी करायची, खालचा तुकडा उलटा अंथरायचा, त्यावर मधले दोन आणि सगळ्यांत वर चौथा सुलटा. मधले थर चारी बाजूंनी अर्धा इंच कमी कापलेले असावेत. तळव्याने मधून कडेकडे सुरकुत्या काढा आणि लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्या. टाचणही मधूनच सुरू करायचं. काठाकडून सुरुवात केली तर मध्ये फुगा राहतो आणि पुढे कितीही शिवलं तरी तो जात नाही.

कडा आत मुडपून चारी बाजू शिवल्या की धावदोरा. टाका पाव इंचाहून लहान, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. दोरा सुतीच घ्या. पॉलिएस्टरचा दणकट दोरा जुन्या मऊ कापडाला कापत जातो, दोरा शाबूत राहतो आणि कापड फाटतं. सुई सात किंवा आठ नंबरची, नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. आणि दोरा ओढताना हात सैल ठेवा. प्रत्येक टाक्याला किंचित ढील राहिली की धुतल्यावर गोधडीला ती बारीक लहर येते, जी हाताने शिवलेल्या गोधडीलाच असते.

तुमच्याकडच्या पद्धती लिहा. वेगळं मतही येऊ द्या.

अबोली

खूप दिवसांनी असा सविस्तर धागा वाचला, ताई. एक शंका आहे. सासूबाईंनी चार साड्या काढून दिल्या आहेत, सगळ्या ‘कॉटन’ म्हणूनच घेतलेल्या. हाताला दोन जरा गुळगुळीत लागतात. सुती आहेत की मिक्स, हे घरी कसं ओळखायचं?

सुईदोरा

अबोली, आतल्या बाजूने उभे आणि आडवे असे दोन्हीकडचे धागे काढ. दोन्ही वेगळे तपासायचे, कारण काही साड्यांत एक बाजू सुती आणि दुसरी कृत्रिम असते. धागा चिमट्यात धरून मोरीत किंवा सिंकवर पेटव. सुती धागा कागदासारखा भुरकन जळतो, वास जळक्या कागदाचा येतो आणि मऊ राख उरते, बोटांत चुरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी राहतो. राख आणि बारीक खडे दोन्ही दिसले तर मिक्स समज. तशी साडी बाळाच्या गोधडीला नको, तिच्या पिशव्या शिव.

रंगाचीही परीक्षा कर. पांढरा रुमाल ओला करून साडीवर ठेवायचा आणि गरम इस्त्री दाबायची. रुमालावर डाग आला तर ती साडी बाळाला नको. बाळ कापड तोंडात घालणारच.

घाटमाथा

आमच्या साताऱ्याकडे वाकळ म्हणतात. आईच्या वेळी उन्हाळ्यात वाड्याच्या सोप्यात वाकळ पडायची आणि चार कोपऱ्यांना चार बायका बसायच्या. प्रत्येकीचा टाका वेगळा, त्यामुळे वाकळीच्या कुठल्या बाजूला कोण बसली होती ते टाक्यावरून कळायचं.

थरांबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. घाटावर डिसेंबर-जानेवारीची थंडी तुम्हाला ठाऊक असेल. चार पदरी सुती कापडाने तिथे काय होणार? आम्ही बाळाच्या वाकळीत मध्ये फलालीनचा एक थर घालतो. ऊब येते आणि जाडीही फार वाढत नाही.

सुईदोरा

घाटमाथा, फलालीन चालेल, तुमच्या थंडीत नक्कीच. पण ते शंभर टक्के सुती असावं आणि शिवण्याआधी गरम पाण्यातून दोनदा काढलेलं असावं. फलालीन चांगलंच आटतं. बाजूचे थर आटून झालेले आणि मधला तेवढा नवा असला तर पहिल्याच धुण्यात तो आतून ओढतो आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडतात.

तरी मी म्हणेन की एक जाड करण्यापेक्षा दोन पातळ करा. दोन थरांमध्ये हवा राहते, तिची ऊब मिळते. दुपारी ऊन चढलं की एक काढून ठेवता येते. एक ओली झाली की दुसरी आहेच. जाड वाकळीत हे काहीच करता येत नाही.

निळाई

मी नवजात शिशू विभागात नर्स आहे. धागा आवडला. तीन गोष्टी आवर्जून सांगते, कृपया सगळ्यांनी वाचा.

पहिली डांबरगोळ्यांची. जुन्या साड्या कपाटात, ट्रंकेत बहुधा त्यांच्याबरोबरच ठेवलेल्या असतात. काही बाळांच्या रक्तपेशींत जन्मतःच जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं आणि ते वरून ओळखू येत नाही. अशा बाळाचा डांबरगोळीतल्या नॅप्थलीनशी संबंध आला, नुसता कपड्यांतून वासाच्या रूपाने आला तरी, तांबड्या पेशी भराभर फुटू लागतात. रक्त कमी होतं, कावीळ वाढते आणि ती मेंदूपर्यंत पोचण्याइतकी वाढू शकते. म्हणून डांबरगोळ्यांत राहिलेली साडी बाळासाठी निवडूच नका. रोजच्या वापरातली, रोज धुतली जाणारी साडी घ्या. शिवून झालेली गोधडीही त्या कपाटात ठेवू नका. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून जवळ ठेवा.

दुसरी, सुटलेले दोरे. सैल दोरा किंवा लांब केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो. बाळ पाय हलवत राहतं तसा तो आवळत जातो आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. बाळ उगाच किंचाळून रडत असेल आणि कारण सापडत नसेल तर मोजे काढून हातापायांची सगळी बोटं पाहायची. ताईंनी पाव इंचाहून लहान टाका सांगितला आहे तो यासाठीही फार मोलाचा. लांब टाक्यात बोट अडकतं. गाठी थरांच्या आत लपवा, आणि प्रत्येक धुण्यानंतर गोधडीवरून एकदा हात फिरवून उसवलेला दोरा आहे का बघा. टिकल्या, मणी, लोकरीचे गोंडे, बटणं यातलं काहीही नको.

तिसरी, झोपेची. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली झोपेबद्दलच्या सूचना सुधारून दिल्या आहेत. त्यांनुसार वर्षाच्या आतल्या बाळाला उताणं झोपवायचं, गादी सपाट आणि घट्ट हवी, आणि झोपायच्या जागेत मोकळं पांघरूण, उशी, रजई, मऊ खेळणं यांपैकी काहीच नको. पांघरूण तोंडावर सरकलं तर लहान बाळाला ते दूर करता येत नाही. तेव्हा गोधडी बाळ जागं असताना, कोणीतरी शेजारी असताना वापरायची: मांडीवर घेताना, पालथं घालून खेळवताना खाली अंथरायला, लसीकरणाला नेताना.

बाळाला थंडी वाजते का हे हातपाय चाचपून ठरवू नका, ते थोडे गार असतातच. मानेमागे किंवा छातीवर हात लावून पाहा. तिथे घाम असेल तर बाळाला उकडतंय.

अबोली

निळाईताई, डांबरगोळ्यांचं हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. चारांतल्या दोन साड्या लोखंडी कपाटातल्याच होत्या, बाजूला काढल्या. सासूबाई आता त्यांच्या रोजच्या नेसण्यातल्या दोन देणार आहेत. त्या जास्त मऊ आहेत हे हात लावल्यावर लगेच कळलं.

बाळाला गुंडाळून ठेवायला हीच गोधडी वापरली तर चालेल का?

निळाई

गुंडाळायला एकेरी मलमलचं दुपटं घ्या, ४० इंच चौरस. गोधडी त्यासाठी जाड होते. आणि गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधायचे नाहीत. बाळाचे पाय गुडघ्यात वाकलेले आणि फाकलेले राहिले पाहिजेत, ताणून बांधल्याने खुब्याचा सांधा निसटू शकतो. पाय सरळ व्हावेत म्हणून घट्ट बांधायची जुनी सवय अनेक घरांत आहे, तिथे आजीला समजावून सांगावंच लागतं. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं पूर्ण थांबवायचं.

बाळ कमी वजनाचं असेल आणि डॉक्टरांनी कांगारू पद्धतीने छातीशी धरायला सांगितलं असेल, तर आईच्या छातीवर बाळ आणि बाळाच्या पाठीवर ही पातळ गोधडी, इथे ती फार कामाची आहे. नाकतोंड उघडं आणि मान एका बाजूला, एवढं सांभाळा.

पहिलटकर

नमस्कार. आमच्याकडे दोन महिन्यांनी बाळ येणार आहे आणि गोधडी मीच शिवणार आहे. बटण लावण्यापलीकडे सुई धरलेली नाही. आईचं शिलाई मशीन घरी आहे. ते वापरलं तर चालेल का? आणि हाताने शिवायचं ठरवलं तर पहिल्यांदा शिवणाऱ्याला जमेल का?

सुईदोरा

दादा, नक्की जमेल. धावदोरा हा सगळ्यांत सोपा टाका आहे आणि गोधडीत दुसरा टाका लागतच नाही. आधी १२ इंच चौरसाची चार पदरी छोटी गोधडी करून पाहा. हात बसतो, आणि ती लाळ पुसायला, खांद्यावर टाकायला रोज लागते, वाया जात नाही.

मशीनचं म्हणाल तर कडा मशीनवर घालायला हरकत नाही. मधल्या ओळी मात्र हाताने घाला. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकून थर घट्ट आवळले जातात, त्यामुळे मऊ कापडसुद्धा पुठ्ठ्यागत होतं. वेळच नसेल तर टाका मशीनवर असेल तेवढा लांब करा, दोऱ्याचा ताण कमी करा, ११ नंबरची सुई लावा आणि ओळी तीन-तीन इंचांवर घाला. धावेल, पण हाताची सर येणार नाही.

दोरा हातभर लांबीचाच घ्या. फार लांब घेतला तर गुंता होतो आणि प्रत्येक वेळी कापडातून ओढला जाऊन झिजतो. सुरुवातीची गाठ वरच्या थराखाली घालून दोरा हलकेच ओढला की ती आत शिरते. शेवटी गाठ मारू नका, त्याच जागी तीन उलटे टाके घाला आणि दोऱ्याचं टोक थरांच्या मधून इंचभर लांब नेऊन कापा.

सातासमुद्रापार

मी मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला आले आहे. इथे जुन्या साड्या कुठून आणणार? नवं मलमल मागवलं आहे, भारतातूनच आलं. ते साडीइतकं मऊ कसं करावं? शिवाय मुलगी सगळं ड्रायरमध्ये टाकते, त्यात हाताचे टाके टिकतील का? झोपेच्या वेळी पांघरूण नको हे तिला इथल्या डॉक्टरांनीही सांगितलं आहे, त्यामुळे सुरुवातीला वाटलं की मग गोधडी कशाला. निळाईंनी लिहिलेले उपयोग वाचून हुरूप आला.

सुईदोरा

काकू, मलमल रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी पाणी गढूळ दिसेल, ती खळ. ती ओतून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा. ड्रायर आहे तर कापण्याआधीच चार-पाच वेळा धुऊन ड्रायरमधून काढा, म्हणजे पुढे जे काही आटणं आहे ते आधीच होऊन जाईल. प्रत्येक वेळी हाताला फरक जाणवेल. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका. त्याने कापडावर थर बसतो, कापड पाणी कमी टिपतं आणि त्यातला सुवास बाळाच्या त्वचेला सोसेलच असं नाही. नवं मलमल पातळ असतं, म्हणून पाच थर घ्या.

टाके टिकतील, फक्त ओळींमधलं अंतर बोटभरच ठेवा आणि धुताना जाळीच्या पिशवीत घाला. आणि तुम्ही नेसायला नेलेल्या साड्यांत एखादी जुनी सुती असेलच. तिचा एकच थर लावा, बाळाच्या अंगाकडच्या बाजूला.

हल्याळकर

आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका ‘कवंदी’ करतात, ती इथे सांगावीशी वाटली. सिद्दी समाज मूळ आफ्रिकेतून आलेल्यांचा, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या जंगलात राहिलेला. त्यांची कवंदी कडेपासून सुरू होते. जुन्या कपड्यांचे रंगीत तुकडे एका कोपऱ्यापासून लावत जायचे, लावता लावताच शिवायचे, चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं आणि शेवटचा टाका मध्यभागी. चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांचं फूल लावतात, त्याशिवाय कवंदी पूर्ण मानत नाहीत.

ताईंनी मधून कडेकडे जायला सांगितलं आहे आणि इथे बरोबर उलट आहे, तरी फुगा राहत नाही. कारण वरचं कापड आधी अख्खं अंथरलेलं नसतं, तुकड्यातुकड्याने पुढे सरकत असतं. ज्यांच्याकडे अख्खी साडी नाही, बाळाच्या आजोबांचा सदरा, आजीचं झंपर, आईची ओढणी असं थोडंथोडं कापड आहे, त्यांनी या पद्धतीने करून पाहावं. फक्त बाळाच्या अंगाकडची बाजू एकसंध ठेवा, तुकड्यांची बाजू बाहेर.

माहेरवाशीण

आमच्या घरी बाळ येण्याआधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. आई फार मानते आणि तिला दुखवायचं नाही. पण बाळ झाल्यावर माझ्याने शिवणं होणार नाही. काही मार्ग?

घाटमाथा

आमच्याकडेही पूर्वी तसंच होतं. आई साड्या धुऊन, काठ कापून, तुकडे घडी घालून ठेवायची. सुई लावायची नाही. बाळ झाल्याचा निरोप आला की मावश्या-आत्या बसायच्या आणि बारशापर्यंत गोधडी तयार व्हायची. चार पदरी असेल तर दोघी मिळून सहज होते. कापड आजच काढून ठेवा आणि बसणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. आईलाही त्यात सामील करून घ्या, तिला आनंद होईल.

माहेरवाशीण

हे फार छान. मावशी लगेच हो म्हणाली, आणि आईने स्वतःहून तिची पांढरी इंदुरी साडी काढून दिली.

पहिलटकर

बारा इंची छोटी झाली. आता मोठी अर्धी शिवून झाली आहे, बायकोच्या आजीच्या पातळाची. एक अडचण आहे. कोपरे जाड आणि टणक होताहेत, मुडपलेलं कापड तिथे गोळा होतं. गोट लावला तर सुटेल का?

सुईदोरा

दादा, गोटाची गरज नाही. कोपऱ्यापुरती शिवण उसवा. मधल्या दोन थरांचे कोपरे तिरके छाटा, अर्धा इंच तरी. मग वरच्या आणि खालच्या थराचं टोक आधी तिरकं आत दुमडा, त्यानंतर दोन्ही बाजू मुडपा. घड्या एकावर एक न येता शेजारी शेजारी बसतात आणि कोपरा सपाट राहतो.

गोट लावायचाच असेल तर कोपरे वाटी ठेवून गोल कापा आणि पट्टी उरेब, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली घ्या, दीड इंच रुंद. सरळ पट्टी गोलाईवर बसत नाही. पट्टी त्याच पातळाची हवी, नव्या कापडाची लावली तर ती आटून कड आखडेल.

मोठीचा फोटो टाका शिवून झाल्यावर. मागच्या बाजूचाही टाका, टाके कसे पडले ते मागूनच कळतं.